टाकी ते आपला नळ

१२ जानेवारी, सोमवार
सगळ्या तालुक्याचे गावं पार झाले अन् अडकलं ते आपलंच. बाप्पा, काय नशीब आहे माहं!
कॉम्प्युटरवरच्या पाणीपुरवठ्याच्या नकाशात ट्रेस टाकला, म्हणजे पाण्याचा रस्ता तपासला. एक खूण टाकीवर, दुसरी खूण वस्तीतल्या शेवटच्या नळावर, म्हणजे आपल्या घरापुढच्या नळावर. बटन दाबलं का पाणी जसं जाईन तशी रेघ लाल होत जाते. ग्रामपंचायत लाल झाली, चौक लाल झाला, शाळा लाल झाली. शाळेच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. खाली अक्षरं आले: दोन बिंदू जोडलेले नाहीत.
पडद्यावर तं रेघ सरळ दिसते, शाळेपासून थेट वस्तीत. मोठं करत गेली, अजून मोठं केलं, तवा दिसली फट. सत्तर सेंटिमीटर.
बाजूच्या टेबलावरचा निखिल म्हणे, "क्लिक कर न बे, जुळून जाईन. सर्वेत जीपीएसची काठी हलली असंन तुही." खरं आहे. दिवसाले अशा किती फटी आम्ही क्लिक करून जुळवतो, जेवणाचा डबा खाता खाता जुळवतो.
मी म्हणली, ही नाई. ही लाइन माह्या बाबानं जोडली आहे. त्याच्या हातची लाइन मी माऊसनं जुळवू काय?
बाबाले जाऊन सव्वादोन महिने झाले.

१३ जाने.
साहेबाच्या केबिनमधे. "मॅडम, एका कोपऱ्यासाठी पूर्ण तालुका थांबलाय."
मी: "सर, मला तिथं खड्डा घेऊन बघायचंय."
ऑफिसात 'मला' म्हणते. वहीत मले.
साहेब म्हणे, जुळवा, वस्ती जाईल 'पाणी पोहोचले' यादीत. नका जुळवू, मग जाईल 'नवी लाइन हवी' यादीत. "न जुळवण्यात तुमच्याच वस्तीचा फायदा आहे, भांडता कशाला?"
तेच तं, सर. फायद्यासाठी बाबाले खोटं पाडू काय? लाइन जुळलेली आहे. पाणी चढत नाई कारण वस्ती चढावर आहे. त्याले उंच टाकी पाहिजे, नवी लाइन नाई. बाबा घरी हेच सांगत आले जन्मभर.
 साहेबानं कागद घेतला, सही केली. खड्डा मंजूर होईन म्हणे, तारीख कळवतो.
डब्यातला ठेचा निखिलनं सगळा खाल्ला आज. खाऊ दे.

१५ जाने., गुरु.
लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईन.
बाबा गावचे व्हॉल्व्हमन. टाकी भरणं, मंग हातात ती लंबी चावी घेऊन एकेका आळीचा व्हॉल्व्ह खोलणं. वस्तीचा व्हॉल्व्ह सर्वात शेवटी. रोज सकाळी खोलायचे, अर्धा तास तिथंच उभे राहायचे, अन् बंद करायचे. नळाले पाणी नाई. एक थेंब नाई. आमी हापशीवर.
लोकं म्हणत, गावाची माणसं सांगतात अन् हा अर्धाच खोलतो. कौसाकाकू तं तोंडावर म्हणे. तिचं घर आमच्या समोर, तिच्या पोरीसंग मी शाळेत गेली. एका उन्हाळ्यात तिनं रिकामा हंडा आणून आमच्या दारात उपडा ठेवला होता. "आपलाच माणूस आपल्याले पाणी देत नाई, तं परक्याले काय बोलायचं!" अख्खी वस्ती ऐकून राह्यली होती. बाबानं हंडा उचलला, हापशीवरून भरून आणला, तिच्या ओट्यावर ठेवला. बोलले काईच नाई.
मी तवा सातवीत. मले लय राग आला होता. काकूचा नाई, बाबाचा. बोलत काऊन नाई हा माणूस?
निखिल म्हणे, "सर्वेच्या वेळच्या आवाजाच्या नोंदी ऐक न. तुझे बाबाच होते ना सोबत? काय बोलले ते असंन त्यात."
आहेत. प्रत्येक ठिकाणची एक नोंद. सप्टेंबरात बाबाले दमा असून माह्यासंग अख्खं गाव फिरले. मी काठी रोवायची, बाबा सांगायचे, मोबाइल ऐकून घ्यायचा.
माह्यानं नाई ऐकवत तो आवाज अजून.

१८ जाने., रवि.
घरी गेली. धाड गावापर्यंत एसटी, पुढं जीप. बाजाराचा दिवस नव्हता तरी जीपमधे पाय ठेवाले जागा नाई.
आई भाकरी थापून राह्यली होती. सांगतलं, खड्डा खणून दाखवते सगळ्याले. बाबाची लाइन जुळलेली आहे हे लोकांच्या डोळ्यानं पाहू दे एकदा.
आईची भाकर करपली. कधी करपत नाई तिची.
"कायले उकरतं व माय? गेलं ते माणूस. राहू दे न."
"गेलं म्हणूनच तं!"
"साहेब म्हंते तसं कर."
"साहेब म्हणते क्लिक कर, नाई तं तशीच सोड."
"मंग कर," आई म्हणे.
चिडली मी. तिच्या नवऱ्यासाठी मी भांडून राह्यली अन् तिले पडलंच नाई काई.
हापशीवर काकू भेटली. जयभीम घातला, तिनं पण घातला. तिले कानोकान सगळं समजलेलं. "खण बाई, खण. तुहा बाप खरा निघाला तं तुह्या दारात येऊन हात जोडतो मी. अन् नाई निघाला तं?"
"निघनच."
असं म्हणून आली मी. तोंड वर करून.

२१ जाने.
खड्ड्याची तारीख आली. २९. जेई साहेब, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, स्वतः येणार.

२५ जाने., रवि.
आज सुट्टी. कपडे धुतले. मन लागत नाई.
बाबाची सळई आठवली. पाइप कुठं फुटला ते पाहाले उकरत नसत ते. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर, एक टोक कानाले. वाहतं पाणी गुरगुरते त्यात. चौथीत असताना मले दिली होती ऐकाले. "काय आयकू येते?" मी म्हणली, मांजर झोपलं आहे आतमधे. लय हसले होते.
मंग मी सळई घेऊन पळत वस्तीत, आपल्या नळाले लावली. "बाबा, इथं काईच नाई!"
बाबा म्हणे, "झोपलं असंन पाणी. दे इकडं." अन् सळई घेऊन घेतली हातातून.
ते हसणं आठवते. हे नव्हतं आठवत. आजच कसं आठवलं?

२९ जाने., गुरु.
लिहू का नको.
दोन मजूर, जेई साहेब, आठ-दहा बाया, चार म्हातारे. आई नाई आली, डोकं दुखते म्हणे. शाळेच्या कोपऱ्यावर सिमेंट रस्त्याची कड फोडली. तीन फुटावर मोठी लाइन लागली. तिच्यातून वस्तीकडे निघालेला फाटा पण लागला. मी सगळ्यांकडे पाह्यलं. काकूकडे जास्त.
मजूर म्हणे, "साहेब, इथं संपलं हे."
फाटा वीतभर, पुढं लाकडाची खुंटी ठोकलेली. खुंटीले सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळलेला. त्याच्यापुढं नुसती माती. मंग तिकडून वस्तीच्या पाइपाचं उघडं तोंड, आत माती अन् मुळ्या.
जेईनं टेप लावला. एकाहत्तर सेंटिमीटर. माही काठी हलली नव्हती.
"फुटलेला नाही हा," जेई म्हणे. "तुकडा कापून काढलाय. आरीची खूण बघा किती सरळ."
मी खुंटी पाहून राह्यली होती. ट्यूबचे तीन येढे, चौथा उलटा, अन् टोक खालून दाबून खोचलेलं. माह्या दप्तराचा बंद असाच. आईच्या खाटेचा पाय असाच. सप्टेंबरात काठीची बॅटरी सैल झाली तवा खिशातून पट्टा काढून अशीच बांधून देली होती मले. अजून तशीच आहे ती ऑफिसच्या कपाटात.
जेई म्हणे, "व्हॉल्व्हमनला माहीत असणार. कोण आहे इथला व्हॉल्व्हमन?"
 काकू खड्ड्याच्या काठावर बसलेली. तिच्या हंड्याच्या कडीले पण तोच पट्टा, तेच तीन येढे. बाबानंच बांधून देला होता कधीतरी. तिनं खुंटी पाह्यली, कडी पाह्यली. मंग माह्याकडं पाह्यलं.
"वारला तो," काकू म्हणे. "त्याले काय इचारता आता."
 तोवर अख्खी वस्ती गोळा झाली होती.
काकू उठली. मजुराले म्हणे, "बुजून टाका. लेकरं पडतीन." अन् गेली.

३० जाने.
ऑफिसले नाई गेली.

१ फेब्रु., रवि.
आईले इचारलं. सरळच. "तुले माहीत होतं."
ती गहू निवडून राह्यली होती. हाव नाई म्हणली, नाई पण नाई म्हणली. मंग बोलली, ते जसंच्या तसं लिहिते.
"तू पोटात होती तवा. टाकीत पाणी कमी. दोन महिन्यापुरतं वस्तीचं बंद कर म्हणे, गावाले पुरत नाई. व्हॉल्व्ह बंद केला तं वस्तीवाले येऊन खोलतीन, म्हणून तुकडाच काढ. काढला यायनं. चार रोज जेवले नाई."
"कोण म्हणे?"
"नाव नाई घेतलं कधी. मले पण नाई सांगतलं. कोन म्हनन? टाकी त्यायची, गाव त्यायचं, चाकरी त्यायची. रोजानं होते तवा. त्याच साली कायम झाले."
"दोन महिन्यानं जोडली काऊन नाई?"
"जोडतो जोडतो म्हने. त्यायनं हाव म्हणाले पायजे न. मंग वरून सिमेंटचा रस्ता झाला. मंग तू शाळेत गेली." गव्हातला एक खडा काढून टाकला. "रोज जात न व्हॉल्व्ह खोलाले. म्या एकदा म्हटलं, कायले जाता, तिथं काय हाये? तं म्हने, कोनी पाह्यलं पायजे का मी खोलतो."
एवढी वर्षं! एवढी वर्षं हा माणूस कोरड्या पाइपावर चावी फिरवून आला. अन् आमी हापशीवर. मी हापशीवर, आई हापशीवर, आईचं तिसऱ्या मणक्याचं दुखणं त्याच हापशीचं. आपल्याच घरचं पाणी तोडलं बाबा तुमी. रागानं डोकं फुटून राह्यलं माहं, अन् ओरडू कोणावर? फोटोवर?
"लाइन म्या जोडली" म्हणत. खरंच होतं. जोडलीच होती. पुढचं तेवढं नाई सांगतलं.
आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. लहानपणी पण एवढी नसंन रडली. ती गहूच निवडून राह्यली माह्या डोक्यावरून. 

४ फेब्रु., बुध.
आज ऐकलं. ऑफिसात, दुपारी, सगळे जेवाले गेले तवा. कानात इअरफोनचे बोंडं घालून फक्त शाळेच्या कोपऱ्याची नोंद लावली.
आधी श्वास. फुसफुस, फुसफुस, बाबाचा. मंग माहा आवाज, "बाबा, बसा थोडं." बाबा: "नाई. इथी एक घे."
काठी ठोकल्याचा आवाज. माहा आवाज: "झालं. चला."
"थांब. अन् तिथी एक. दोन घे पोरी."
"दोन कायले? एकच पाइप आहे न?"
"घे म्हणलं न. इथी एक, अन् तिथी एक."
बंद केलं मी. पुढं ऐकवलं नाई.
मले वाटत होतं सर्वेची चूक. निखिलले वाटलं काठी हलली. साहेबाले वाटलं मी भांडखोर आहे. अन् बाबानं मोजून दोन टोकं दिले होते. जिथं काप, तिथंच. त्यायले दिसत होतं जमिनीखालचं, आरीनं कापलेलं टोक न टोक. एवढी वर्षं कोणाले नाई सांगतलं ते काठीले सांगतलं. अन् ती काठी माह्याच हातात होती.
मले सांगाचं होतं न बाबा. मी काय खाल्लं असतं तुम्हाले?
खाल्लं असतं. हापशीवर काकूले जशी तोंड वर करून बोलली, तशीच तुम्हाले बोलली असती मी.

६ फेब्रु., शुक्र.
फॉर्म भरून राह्यली. 'जोडलेले नाही' टाकलं. वस्ती नव्या लाइनीच्या यादीत गेली. एवढं तं झालं.
त्याच्याखाली रकाना: 'तुटीचे कारण'. यादीतून निवडा. सर्वेक्षणातील चूक. गंज. फूट. जाणीवपूर्वक काढली. माहीत नाही. 'जाणीवपूर्वक' निवडलं का खाली अजून एक रकाना उघडतो, 'कोणी'. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाई. बाजूले 'माहिती देणारा' मधे आपल्या गावच्या प्रत्येक ओळीत बाबाचं नाव. मीच टाकलं होतं, अभिमानानं.
साहेब म्हणे, "माहीत नाही टाका, मॅडम, आणि सोडा. लाइन येतेय ना?" आवाज मऊ होता त्यांचा. निखिलनं सांगतलं असंन काही.
माहीत नाई टाकलं तं बाबा सुटतात. अन् ज्यायनं सांगतलं ते पण सुटतात. ते तं आधीच सुटलेले आहेत.
जाणीवपूर्वक टाकलं तं 'कोणी' मधे एकच नाव आहे माह्याजवळ.
दुपारी काकूचा फोन. ती मले कधी फोन करत नाई. फॉर्मचं आईकडून समजलं असंन.
"बापाचं नाव नोको लिहू, सुजू."
"काकू, तुमीच तं म्हणत होत्या—"
"म्या म्हणत होतो. कागदानं तसं नाई म्हणलं पायजे. म्या त्याले तोंडावर बोललो, त्यानं आयकून घेतलं. तो आमच्यातला हिशोब." अन् म्हणे, "पण ज्यायनं सांगतलं त्यायचं लिह्यजो."
"नाव कोणाले माहीत आहे काकू?"
 तिकडून हापशीचा आवाज येऊन राह्यला होता, खटक खटक. मंग म्हणे, "तुह्या आईले इचार."
आईले इचारलं आहे. आई गहू निवडते.

९ फेब्रु., सोम.
आज तालुका जमा कराचा शेवटचा दिवस. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या, एक सोडून.
ट्रेस टाकला पुन्हा. टाकी ते आपला नळ. काय कारण नव्हतं, असाच टाकला. शाळेच्या कोपऱ्यावर लाल थांबलं. दोन बिंदू जोडलेले नाहीत.
कपाटातून काठी काढली. बॅटरीवरचा पट्टा अजून घट्ट आहे. तीन येढे, चौथा उलटा. सोडाले गेली अन् सोडली नाई.
मंग उरलेली नोंद ऐकली. काई सेकंदच होती. जसं आहे तसं उतरवून ठेवते, मोबाइलचा काय भरोसा.
काठी ठोकल्याचा आवाज. दुसरा पॉइंट. मी काहीतरी खाऊन राह्यली आहे, शेंगदाणे असतीन, बाबानं दिलेले. तोंड भरलेलं.
बाबा: "हे दोन जुळतात का मंग? तुह्या त्या मशिनीत?"
मी, हसत: "त्याले काय बाबा. एक क्लिक केलं का जुळते."
फुसफुस. फुसफुस. लय वेळ.
बाबा: "एवढं सोपं?"
मंग नुसतं वारं. मंग त्यायच्या चपला, वस्तीच्या दिशेनं. नोंद संपली.
सहा वाजले. साहेब दोनदा येऊन गेले दारापर्यंत. 'कारण' रकाना रिकामा आहे. मी अजून बसलेली आहे.